झाकणासमोर कोण बसतं?

कुणाकडे जेवायला गेलं की माणसं आधी ताटाकडे बघतात. आमचे डिझाइनवाले साहेब आधी कुकरकडे बघत. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा आई चुलीवर भाकऱ्या करत होती आणि शेजारी गॅसवर डाळीचा कुकर चढला होता. साहेब दारातच थबकले. चपला काढायच्या सोडून त्यांनी आईला विचारलं, "अहो, हा कुकर रोज इथेच असतो का? आणि मुलं अभ्यासाला कुठे बसतात?"

आईला वाटलं, हा माणूस माझ्यासाठी स्थळ घेऊन आलाय आणि घरात खाणारी तोंडं किती ते आडून विचारतोय. ती सावध होऊन म्हणाली, "पोरं बसतात तिकडं ओटीवर. पन तुमी आत तं या."

साहेब आत आले, कुकरला लांबून वळसा घालून भिंतीशी उभे राहिले, आणि शिटी झाली तसे खूश होऊन म्हणाले, "वा! झाकण आतून बसतंय. दाब वाढला की आणखी घट्ट बसेल. हे ज्या कुणी काढलं असेल त्याला माझा नमस्कार." आणि त्यांनी खरोखरच हात जोडले, कुकरला.

ते गेल्यावर आई म्हणाली, "येडा हाय का गो तुजा सायेब?"

"नाय गो. डोकं लय हाय त्याला."

"मंग तेच," आई म्हणाली.

मी तेव्हा शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका लहानशा कारखान्यात ड्रॉइंग काढायला होते. आमच्याकडे दाबाच्या टाक्या बनत. टाकी म्हणजे काय, तर लोखंडी जाड पत्रा वाकवून नळकांडं करायचं आणि त्याची दोन्ही तोंडं बंद करायची. मग तिच्यात कुणी हवा भरतं, कुणी वाफ, कुणी आणखी काही. नळकांड्यावरून कधी कुणाचं भांडण झालेलं मी पाहिलं नाही. सगळी भांडणं तोंडांवरून. तोंड बंद करायचं ते कशाने? सरळ सपाट पत्रा ठोकून? पसरट खोलगट डिश लावून? की चांगला अर्धा गोल बसवून? साहेबांनी या तिघांना नावं ठेवली होती. सपाट तो तवा, खोलगट ती कढई आणि अर्धा गोल ती करवंटी. सगळा कारखाना हीच नावं वापरायचा. नवीन आलेला एक इन्स्पेक्टर, "या टाकीला एका बाजूला कढई आहे आणि दुसऱ्या बाजूला करवंटी," हे ऐकून आमच्या मालकांना म्हणाला होता, "कँटीन नंतर दाखवा, आधी कारखाना दाखवा."

आमचे मालक मूळचे इथलेच, भातशेतीवाले. खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवत बनवत ते टाक्यांपर्यंत पोचले होते. त्यांचा जीव चौकोनात. गोल वस्तू दिसली की त्यांना पत्रा वाया गेल्यासारखं वाटे. त्यामुळे दर ऑर्डरला ठरलेला संवाद व्हायचा.

"सायेब, याला तवा चालंल ना?"

"चालेल. पण मग जाड घ्यावा लागेल. तुमच्या देवळाच्या पायरीएवढा."

"येवढा कशाला?"

मग साहेब ड्रॉवरमधून तुपाचा रिकामा डबा काढत आणि मालकांच्या हातात देत. "दाबा अंगठ्याने." मालक दाबत. सपाट झाकण टक्क करून आत जाई, सोडलं की टक्क करून बाहेर येई. "आता ही दाबा," म्हणून साहेब नारळाची अर्धी करवंटी पुढे करत. मालक चांगले तांबडेलाल होईपर्यंत दाबत. करवंटीला ढिम्म काही होत नसे. वर्षानुवर्षं हा खेळ चालला. मालकांना उत्तर पाठ होतं, तरी प्रत्येक वेळी ते करवंटी दाबून बघायचेच. एखाद दिवशी फुटेल अशी त्यांना आशा असावी.

साहेब सगळ्यांना अहो-जाहो करत. मालकांना, मला, झाडूवाल्या आजींना आणि ऑफिसातल्या मांजरीलाही. "अहो, त्या ड्रॉइंगवरून उठता का जरा?" असं ते मांजरीला म्हणत आणि ती उठेपर्यंत दुसरं काम करत. राहायला शहापुरात बाजारपेठेच्या मागे एक खोली होती. घरचं माणूस असं कुणी नव्हतं, असलं तर आम्हाला माहीत नव्हतं. लग्नाला बोलावलं की ते आहेर देऊन थेट आचाऱ्याकडे जात आणि मोठमोठ्या पातेल्यांचे बुडाचे कोपरे बोटाच्या पेराने वाजवून बघत. त्यांचं म्हणणं एकच, दाब कोपरा शोधतो. ते हे माणसांनाही लावत. कुणी नुसता ताठपणा करायला लागला की म्हणत, "तवा आहे. वाकायचं माहीत नाही, म्हणून एकदम जाईल."

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती. झाकण कोणतं, हे ते कागदावर ठरवत नसत. त्यांच्याकडे एक घडीचं स्टूल होतं, कापडी बैठकीचं. टाकी जिथे बसणार तिथे ते स्टूल घेऊन जायचे, टाकीचं तोंड जिकडे येणार तिकडे ते मांडायचे आणि बसून राहायचे. अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस. विचारलं तर म्हणत, "झाकण काय, ठरेल मागाहून. आधी त्याच्यासमोर कोण बसतं ते बघू."

मुरबाडच्या एका औषधाच्या कारखान्यात असेच बसले होते. तिथल्या साहेबलोकांना वाटलं, पाहुण्याला चक्कर आली. दुपारी पॅकिंगच्या बायका डबे घेऊन नेमक्या त्याच सावलीत आल्या, कारण बाकी सगळीकडे ऊन. साहेबही आपला डबा उघडून त्यांच्यात बसले, कुणाची सुकटीची चटणी घेतली, कुणाला आपलं लिंबाचं लोणचं दिलं. परत येऊन मला म्हणाले, "करवंटी काढा. आणि टाकी फिरवा, तोंड त्या सावलीकडे नको."

"सर, नियमात तर कढई बसते," मी म्हटलं.

"नियमात तिन्ही बसतात हो. पण नियमाला जेवायला बसावं लागत नाही."

मला तेव्हा हे जरा नाटकी वाटलं होतं. ड्रॉइंग पुन्हा काढायचं होतं मला, त्यांना नाही. अजूनही वाटतं, आधी बसून बघून मग ड्रॉइंग सांगायला काय झालं होतं?

तर आता टायरवाल्याची गोष्ट. साहेबांची चूक झालेली मी एकदाच पाहिली, ती इथे.

कसाऱ्याच्या अलीकडे हायवेला लागून एकाने जुन्या टायरांवर नवं रबर चढवायचा धंदा काढला. हा गृहस्थ पूर्वी स्वतः ट्रक चालवायचा. आम्ही त्याला रबरशेठ म्हणत असू. रबर चढवलेले टायर एका लांब टाकीत ओळीने टांगतात, दरवाजा लावतात आणि आत गरम हवा दाबाने भरतात. म्हणजे या टाकीचं एक तोंड कायमचं बंद आणि दुसरं दरवाजाचं. रबरशेठला दरवाजा सपाट हवा होता, कारण शेड आखूड. आणि तो हायवेच्या बाजूला हवा होता, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना दिसला पाहिजे.

सपाटाचा प्रश्न तुपाच्या डब्याने सुटला. रबरशेठने कढई कबूल केली. दरवाजाचं तोंड कुठे, हे राहिलं. साहेब मला म्हणाले, "शेडच्या मागे नुसता डोंगर आहे. तिकडे तोंड केलं तर उत्तम. पण पुढेही कुणी बसत नसेल तर शेठच्या मनासारखं होऊ द्या. चला, बसून बघू."

मीही गेले होते. शेडच्या पुढ्यात, आंब्याच्या सावलीत, एक मावशी चहा विकत बसली होती. तीन दगडांची चूल, एक बाकडं, बरण्या. वरच्या पाड्यावरून रोज उतरून यायची. साहेबांनी बाकड्याच्या शेजारी स्टूल उघडलं आणि बसले. चष्मा, खिशाला पेन, मांडीवर कागद, तोंडातून शब्द नाही. मावशीचा चेहरा उतरत गेला. हायवेकडेला टपरी टाकून बसलेल्या बाईला असा माणूस कोण वाटणार? तिने हळूच एक बरणी पदराखाली घेतली. मग चहा पुढे केला. साहेबांनी पैसे काढले, तर तिने ते घेतले नाहीत. मग साहेबांनी चहा घेतला नाही. झालं! फुकटचा चहा न घेणारा सरकारी माणूस म्हणजे फारच वरून आलेला.

साहेबांनी विचारलं, "अहो, तुम्ही रोज इथे बसता का?"

"मी? नाय सायेब! आजच बसले. आज बाजार व्हता ना, पाय दुखले म्हनून."

"मग उद्या?"

"उद्या कशाला? उद्यापासून मी इथं दिसनार पन नाय."

"आणि हे बाकडं?"

"ते कुनाचं हाय काय म्हाईत नाय."

साहेब कुणी सांगितलेलं खोटं असेल असं धरूनच चालत नसत. हजार वेळा पेराने वाजवून बघणारा माणूस, पण माणसाचा शब्द कधी वाजवून बघितला नाही. दुपारी मावशी खरंच चूल मोडून, बरण्या डोक्यावर घेऊन पाड्याकडे निघून गेली. साहेब संध्याकाळपर्यंत बसले. समोरून एक म्हैस गेली तेवढीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "पुढे कुणी बसत नाही. दरवाजा हायवेकडे काढा."

मी काढला. टाकी बनली, गेली, पायावर बसली, धंदा सुरू झाला. मधे बराच काळ गेला. हातांनी ड्रॉइंग काढणं संपून माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आला, माझं लग्न झालं, मांजर म्हातारी झाली.

मग एकदा मामेबहिणीच्या साखरपुड्याला एसटीने नाशिकला जाताना मी सहज खिडकीतून पाहिलं. रबरशेठच्या शेडचा दरवाजा बंद, म्हणजे टाकी दाबाखाली. आणि बरोब्बर त्याच्यासमोर, बाकड्यावर, ओळीने ट्रक ड्रायव्हर, आणि त्यांच्यामध्ये मावशी, दरवाजाकडे पाठ करून, चहा गाळत.

साखरपुड्यात माझं लक्ष लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांना सांगितलं. ते जेवत होते. घास तसाच हातात राहिला. "रोज बसतात त्या?" त्यांनी विचारलं.

"बाकडं पार झिजलंय, सर."

त्यांनी हात धुतला आणि स्टूल उचललं. मालक ओरडतायत, मुरबाडची ड्रॉइंगं अडलीयत, पण साहेब रस्त्यावर पोचले होते, ते मिळेल त्या ट्रकने गेले. आणि जाऊन मावशीच्या बाकड्यापुढे, दरवाजाच्या अगदी समोर, स्टूल टाकून बसले.

पुढचं मला रबरशेठकडून आणि मालकांकडून कळलं. मावशीने त्यांना ओळखलं आणि पुन्हा सुरू केलं, "सायेब, मी आजच..."

"खोटं बोलू नका हो," साहेब म्हणाले. "मी सरकारी नाही. मी झाकणवाला आहे."

"म्हंजे?"

"ते झाकण मी काढलंय. ते फुटणार नाही. पण दरवाजा तो दरवाजा. उघडता येतो, म्हणजे एखाद दिवशी नको तेव्हाही उघडेल. त्याच्यासमोर बसू नका."

"मंग कुठं बसू? मागं डोंगर. तिथं काय वान्रांना चा इकू?"

तिचं काही चुकीचं नव्हतं. ड्रायव्हर थांबायचा तो सावलीला आणि बाकड्याला. तिच्या घरात चूल पेटायची ती या चुलीवर. रबरशेठला टाकी फिरवायला सांगितली तर तो म्हणाला, आता पाया उखडू? साहेबांनी कुणाशी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही बसता तोवर मीही बसतो." आणि रोज जाऊन बसायला लागले. सकाळची पहिली एसटी पकडायची, चूल पेटायच्या आधी हजर. टाकीत दाब चढला की मावशीला म्हणायचे, "जरा सरका." आणि स्वतः तिच्या नि दरवाजाच्या मधे स्टूल ओढायचे. जणू त्यांच्या त्या काटकुळ्या अंगाने काही अडलं असतं.

शेवटी मालक संतापून त्यांना आणायला गेले. बरोबर मीही होते. मालक जीपमधून उतरले ते बोलतच. "सायेब, आपली कामं पडलीत नि तुमी इथं रस्त्यावं..." आणि थांबले. साहेब उन्हात बसले होते, कारण सावली बाकड्यावर होती आणि बाकडं ड्रायव्हरांनी भरलं होतं. मालकांनी दरवाजाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, मग कंबरेवर हात ठेवून बराच वेळ शेडच्या उजव्या अंगाची जागा बघत राहिले. तिथून हायवे दिसत होता आणि दरवाजाचं तोंड तिकडे नव्हतं.

"मावशे," ते म्हणाले, "तुला टपरी दिली बनवून, पत्र्याची, शटरवाली, तं तिथं जाशील?"

"कुलूप लागंल?"

"दोन लागतील."

"आनि बसायला?"

"लोखंडाचं बाकडं. तुज्या नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकंल."

मालकांनी ती टपरी स्वतः उभं राहून बनवून घेतली. काय त्यांचा आनंद! चारी कोपरे काटकोनात, खिडकीला जाळी, जाळीत नक्षी. साहेबांनी कोपऱ्यांना नावं ठेवली नाहीत. उलट टपरी लागली त्या दिवशी तिचा कोपरा पेराने वाजवला आणि म्हणाले, "सुरेख. चहाला चौकोनच हवा." मालकांना कारखान्याच्या उद्घाटनाला झाला नसेल इतका अभिमान झाला. जुनं लाकडी बाकडं तिथेच आंब्याखाली राहिलं. ते उचलून न्यावं एवढं कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही. रबरशेठने समोर साखळी लावायची आणि कुणाला बसू द्यायचं नाही, एवढं मात्र साहेबांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो दरवाजा उडाला.

दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा अडकून शून्यावर बसला होता. कामगाराने पाहिलं शून्य, आणि दरवाजाची कडी फिरवली. आत अजून हवा होती. बिजागरी तोडून कढई गेली ती आंब्याखाली. कामगार वाचला, कारण दरवाजा उघडताना बाजूला उभं राहायचं हे साहेबांनी तिथे बसल्या बसल्या त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. बाकड्याच्या ढलप्या झाल्या. तीन दगडांतला एक हायवेच्या पलीकडे सापडला.

रबरशेठचा फोन मी घेतला. साहेबांकडे गेले आणि सांगितलं.

"समोर कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, सर."

"बरं," ते म्हणाले आणि पुढ्यातला कागद ओढून लिहायला लागले. पेनचं टोपण काढलेलं नव्हतं. बराच वेळ ते तसंच लिहीत होते आणि मी बघत उभी होते. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही, आपल्याकडे तशी पद्धत नाही. चहा आणून ठेवला.

साहेब काही वर्षांनी गेले. झोपेतच, कुणालाही काही त्रास न देता. मालकांनी कारखान्यात शोकसभा ठेवली. वेल्डर, फिटर, मुरबाडहून दोघे-तिघे, रबरशेठ, आणि दाराशी चवड्यावर बसलेली मावशी. फोटोला हार घातला. मालकांना बोलायला उभं केलं तर ते फोटोचा हार सारखा करून खाली बसले. त्यांनी मला खूण केली.

मी उभी राहिले. मोठ्या माणसांबद्दल सांगतात तसं यांच्याबद्दल काय सांगायचं? पूल बांधला नाही, बक्षीस नाही, पेपरात नाव नाही. मी आपली प्रामाणिकपणे म्हणाले, "साहेबांनी इतक्या टाक्या काढल्या, पण सांगण्यासारखं कधी काही घडलंच नाही."

"घडलं नाय कसं?" दाराकडून आवाज आला. मावशी उठून उभी राहिली होती. सगळे वळले तशी ती जरा बावरली, पदर सारखा केला, पण बसली नाही.

"मी हाय ना," ती म्हणाली.